सात सोमवार एकाच भिंतीला

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पुढे काचेचे दार, आत मारियामातेची वीतभर मूर्ती, खाली चार पाय. मित्रांनो, पेटी म्हटले की तुम्हाला कोपऱ्यात गप्प पडलेली वस्तू आठवत असेल. मी तसली नाही. फिलिपाईन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावर आमची अठरा घरांची वाडी आहे. एका घरी मी एक आठवडा राहते. रोज संध्याकाळी तिथे माळेची प्रार्थना होते, आणि सोमवार आला की त्या घरची माणसे मेणबत्त्या धरून मला पुढच्या घरी पोचवतात. एकतीस वर्षे हेच चालले आहे. आठवा दिवस उजाडला की मला बसवत नाही.

मला घडवले नोंग तिबो सुताराने. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणतात आणि बाईला नांग. अंग फणसाच्या लाकडाचे, कडांना वेलबुट्टी. पण पायांपाशी येईपर्यंत फणस संपला. "पायांकडे कोण बघतंय?" असे म्हणून त्याने कुठल्याशा खोक्याच्या हलक्या फळ्या कापून लावल्या. सुतार चांगला होता, पण तेवढा एक आळस केला आणि भोवला मला. तिबो आता नाही. त्याची बायको चोलेंग आहे.

फिरता फिरता मी काय काय पाहिले! परीक्षेच्या आदल्या दिवशी भक्ती उतू जाणारी पोरे पाहिली. प्रार्थना चालू असताना टीव्ही बंद न करता नुसता आवाज कमी करणारे घर पाहिले. आणि तापाने फणफणलेल्या लेकरापाशी अक्षरही न बोलता बसलेली आई पाहिली. तिच्याइतकी प्रार्थना मी दुसऱ्या कोणाकडे ऐकली नाही. लोक माझी काच पुसायचे, मोगरा वाहायचे. मी ताठ्यात होते. ताठा मला शोभतोही.

मग हातोहाती मोबाइल फोन आले. कोणाच्या घरी कधी जायचे ती यादी फोनवरच्या गटात गेली, आणि गट गेला नांग सेपाच्या हातात. मी तिच्या घरी आले तेव्हा तिने माझ्यापुढे टेबल मांडले. नूडल्सचा डोंगर, भाजलेले डुक्कर, केळीच्या पानातला गोड भात. मग फोटो काढला आणि गटात टाकला. शेजारच्या चोलेंगने खाली लिहिले, "सेपा, माता दिसत नाही गं. नूडल्सच्या मागे लपली का?" पुढे तीन हसरी तोंडे.

वाडीभर हशा झाला. नूडल्स खरोखरच माझ्या अर्ध्या काचेपर्यंत आल्या होत्या. खोटे असते तर सेपा हसली असती. तिने अंगठा उचलला आणि चोलेंगला गटातून काढून टाकले.

"आता तिचं नाव यादीत नाही," ती सुनेला म्हणाली. "यादीत नाही त्या घरी पेटी कशी न्यायची?"

"आई, तिला खोकला आला तर आपल्याला ऐकू येतो, इतकं जवळ घर आहे," मेर्ली म्हणाली.

"मग खोकू दे."

पुढचे घर चोलेंगचेच होते. तिला गाळून मला त्यापुढच्या घरी नेण्याची छाती सेपाला झाली नाही, कारण आजवर कोणीच घर गाळले नव्हते. तिने गटात लिहिले, मूर्तीला रंग देत आहे. आणि मला भिंतीला टेकवून ठेवले.

सोमवार आला. पलीकडे चोलेंगने अंगण झाडले. खराट्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी आतल्या आत तडफडले. कोणी आले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा खराटा. त्याच्या पुढच्याही. ती माफी मागायला आली नाही. तिचीही मान काही कमी ताठ नव्हती. पण तिचा मुलगा देन्सिओ दहा महिन्यांसाठी जहाजावर कामाला निघाला होता, आणि तो निघण्याआधी एकदा तरी त्याच्या घरी माझ्यापुढे माळ म्हणायची, एवढेच तिला हवे होते.

सहाव्या आठवड्यात देन्सिओ स्वतः आला. "नांग, फक्त एक संध्याकाळ द्या."

"रंग ओला आहे," सेपा म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिले. रंगाचा ठिपका नव्हता, वास नव्हता. "बरं," म्हणाला आणि गेला. शनिवारी सकाळी तो मनिलाला निघाला. पलीकडून चोलेंगचे रडणे आले. चुलीवरच्या भांड्यात फिरणारा सेपाचा डाव थांबला. थांबला, आणि पुन्हा फिरू लागला.

सातव्या सोमवारी तिने मला पुसायला घेतले, आणि माझा मागचा पाय भुसा होऊन तिच्या हातात आला.

"आई, वाळवी!" मेर्ली ओरडली.

"माझ्या घरात? माझ्या घरात वाळवी?"

"एकतीस वर्षं नाही लागली. दर आठवड्याला उचलली जायची, पुसली जायची, दुसरा वारा लागायचा. तुम्ही टेकवून ठेवलीत."

सेपाने मला छातीशी धरले आणि निघाली. मेणबत्ती नाही, मिरवणूक नाही.

चोलेंग दारातच होती. "आता आणलीस? उद्या त्याचं जहाज सुटतंय."

"माहीत आहे."

"रंग वाळला का?"

"रंग दिलाच नव्हता. चुकलं माझं. आणि वाळवी लागलीय."

"कोणाला, तुला?"

"पेटीला गं! पाय गेला एक."

टेबलावर ठेवताच मी कलंडले. सेपाने पायातली चप्पल काढली आणि माझ्या कोपऱ्याखाली सारली.

"मातेखाली चप्पल?"

"तुझ्या नवऱ्यानं पाय धड लावले असते तर ही वेळ आली असती का?"

चोलेंग हसायला गेली आणि रडली. मग तिने मनिलाला फोन लावून माझ्या काचेला टेकवला. ज्या फोनने माझी वाट अडवली, त्यातूनच देन्सिओचा आवाज आला. त्याचे 'आमेन' दरवेळी जरा उशिरा पोचायचे. दोघी त्याच्यासाठी थांबायच्या.

सेपा निघाली तेव्हा तिचा एक पाय अनवाणी होता.

"उद्या ये," चोलेंग म्हणाली. "नूडल्स आण. पण ताट पेटीच्या मागे ठेव."

मित्रांनो, मला नवा पाय अजून लागलेला नाही. त्याचे दुःख नाही. माझी एकच विनवणी आहे. माझी काच पुसू नका, मोगरा वाहू नका, फोटोही काढू नका. पण मला टेकवून ठेवू नका. ज्या दाराशी तुमचे पाऊल अडते, त्याच दारी मला आधी न्या. आज रविवार आहे. चोलेंगने मेणबत्त्या काढून ठेवल्या आहेत, आणि मला बसवत नाही.