नवमीला थांबलेला बिल्ड

"परत तेच! म्हणे, 'ही फाइल ओळखता येत नाही.' अरे मेल्या, तूच बनवलीस ना ती?"

मी स्क्रीनवर खेकसले तसे प्रसादसर केबिनमधून बाहेर आले.

"संध्या, चार वाजता श्यामसुंदर शेठ येतायत. होणार का?"

"होईल सर."

"दसऱ्यापासून हेच ऐकतोय मी."

ऐकणारच. मी तरी दुसरं काय बोलणार?

रबाळ्याच्या आमच्या छोट्या कंपनीत केळी पिकवायच्या खोल्यांचे कंट्रोलर बनतात. खोलीत थंडावा किती, गॅस किती, हे तो डबा सांभाळतो. वाशी मार्केटातले व्यापारी घेतात, श्यामसुंदर शेठ त्यांतलेच. डब्यातली ऑपरेटिंग सिस्टीम माझी. सोर्सकोड जगाला फुकट मिळतो, पण आमच्या चिपला बसेल अशी ती मुळापासून बांधायची, ते काम माझं, अगदी लग्नाआधीपासूनचं. त्या बांधण्याला आम्ही बिल्ड म्हणतो. आता जुनी चिप मिळेनाशी झाली होती. नव्या चिपवर माझी सिस्टीम आज उभी राहिली नाही, तर सर बाहेरचा तयार डबा आणणार होते. मग माझं काम काय उरणार? डोंबल!

नवी चिप, आणि कोड तिच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही नवा, घोळ त्यातच असणार असं कुणीही म्हणेल. मीही तेच धरून बसले. जुना कंपायलर आणला, परत नवा आणला, सेटिंग उलटीपालटी केली. इंटरनेटवर एकाला अगदी हाच एरर आलेला, आणि खाली त्यानंच लिहिलेलं, "सुटला." कसा सुटला ते सांग ना बाबा! एक फाइल पुसून परत बनवली की ती गप्प बसायची आणि शेजारची बोंबलायला लागायची. डोकं नुसतं भणभणत होतं.

जेवायच्या सुट्टीत सगळे उठले, मी नाही उठले. सहज म्हणून फायलींचा आकार बघितला आणि तोंडून शिवीच गेली. शून्य. पुढचीही शून्य. ओळीनं रिकाम्या फायली. नाव आहे, आत काही नाही. बिल्ड नुसतं नाव बघतो, ही झालेली दिसते म्हणतो आणि पुढे जातो. सगळ्यांवर वेळ एकच, खंडेनवमीची सकाळ. म्हणजे फायली लिहिता लिहिताच कॉम्प्युटर बंद झालेला.

त्या दिवशी मी तळवलीला घरी होते. अख्खी सिस्टीम बांधायला दिवस-रात्र लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी बिल्ड लावूनच निघाले होते. मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले. आमचे फिटर हौसेराव जेवत होते. यंत्रांची पूजा दरवर्षी तेच करतात.

"हौसेराव, नवमीला माझा कॉम्प्युटर कोणी बंद केला?"

"म्याच की. पुजला, हार घातला, आन् मागचं बटन दाबलं. का वो?"

"चालू होतं ना काम आत!"

"नवमीला हत्यार चालू ठिवत्यात व्हय, मॅडम?"

त्या दिवशी आईनं मला कांदासुद्धा चिरू दिला नव्हता. "इलीला हात नको लावू, पुजलेली हाय ती." आणि मी मुकाट्यानं बिनकांद्याची उसळ केली होती. विळीला सुट्टी दिली, पण कॉम्प्युटर हेही हत्यारच, हे डोक्यातच आलं नाही. आता राग काढू कुणावर, सांगा!

सरांना कारण सांगितलं, तर ते खूश झाले. "मग काय! रिकाम्या काढ, तेवढ्याच परत बनव. चारपर्यंत होतंय."

होत होतं. खरंच होत होतं.

"नको सर. रिकाम्या दिसतात तरी. अर्धवट लिहिलेली एखादी आत राहिली असेल तर कशी कळणार? सगळं पुसून पहिल्यापासून लावते. उद्या संध्याकाळी देते."

"अगं, नुसता डेमो आहे यार!"

"डेमोचाच डबा शेठ गाडीत टाकून नेतात. आणि तिकडे गॅसचा व्हॉल्व्ह बंदच झाला नाही तर? मी नाही देणार."

"तुझी मर्जी," सर म्हणाले आणि आत गेले.

मी सगळं पुसलं आणि बिल्ड पुन्हा लावला. शेठ आले तेव्हा माझ्या स्क्रीनवर नुसत्या ओळी धावत होत्या. सरांनी त्यांना बाहेरच्या डब्याचे फोटो दाखवले. चहा संपेपर्यंत ठरलंसुद्धा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत ओळींसमोर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिल्ड संपला. एकही एरर नाही! सिस्टीम नव्या चिपच्या बोर्डावर चढवली आणि वीज दिली. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरसर उतरली आणि माझं नाव विचारून थांबली.

"झालं!" मी ओरडलेच.

हौसेराव हात पुसत आले. "चाललं?"

"चाललं."

"मंग आता शेठला द्यायचं?"

"नाही हो. त्यांना दुसरा डबा ठरला."

ते तसेच बोर्डाजवळ थांबले. बोर्डाला तापमानाचा सेन्सर जोडलेला होता. त्याला मोजायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तो मुठीत धरला. स्क्रीनवरचा आकडा हळूहळू वर चढू लागला, आणि आम्ही दोघं तो बघत उभे राहिलो.