लाल रेघ

माझ्या मुलीनं कॉफीच्या डब्यातून परत आणलेल्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या, तेव्हाच मला वाटलं की पाणी कुठंतरी मुरतंय. एकीवरही लाल रेघ नव्हती.

मी बत्तीस वर्षं घरीच काडतुसं भरतोय. झाडलेली पितळी पुंगळी घासायची, ठिणगी पाडणारी नवी टोपी बुडात बसवायची, दारू मापायची, वर गोळी दाबायची. भरून झालेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर नेलपॉलिशची लाल रेघ. ही रेघ ओढायचं काम माझ्या बायकोचं, इंगाचं होतं. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून मी दारू घातली की ती बॅटरी घेऊन एकेकीत डोकवायची आणि मगच मला गोळी बसवू द्यायची. मी चिडायचो. "माझ्यावर भरवसा नाही का?" "आहे ना," ती म्हणायची, "म्हणूनच फक्त एकदा बघते." दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून बघणंही माझं आणि रेघही माझीच. खोली खायला उठते म्हणून रेडिओ लावतो, एवढाच फरक.

मार्नी, माझी मुलगी, दर शनिवारी गावच्या नेमबाजीच्या मैदानावर रिव्हॉल्व्हर चालवते. काडतुसं माझी आणि रिकाम्या पुंगळ्या परत मला, हा आमचा शिरस्ता. पण या पुंगळ्या नव्याकोऱ्या चकचकीत होत्या. माझ्या तर दहा-दहा वेळा भरून काळवंडलेल्या असतात. मागचे डबे काढून पाहिले. मे महिन्यापासून हेच चाललं होतं आणि मी आंधळ्यासारखा घासत बसलो होतो.

संशय सरळ जावयावर गेला. ट्रेंट मोन्टानात येऊन सहा वर्षं झाली, पण हल्ली काही महिने माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही. असा माणूस काहीतरी लपवतोच. माझा माल तो कामावरच्या लोकांना विकत असणार, आणि त्या जागी दुकानातला भरून ठेवत असणार.

शेजारच्या हॅल्वरला मी हे सांगितलं. तो खो खो हसला.

"ऑर्विल, तुझी काडतुसं घेणार कोण रे? दुसऱ्यानं घरी भरलेलं काडतूस मी झाडत नाही, तू झाडत नाहीस. उद्या माझ्या सख्ख्या भावानं दिलं तरी मी नाही झाडणार."

"मार्नी झाडते."

"ती तुझी लेक आहे."

बोलणं खरं होतं. फुकट दिलं तरी ज्याला कुणी हात लावणार नाही, ते चोरायचं कशाला? संशय मात्र गेला नाही, उलट त्याला जागाच सापडेना आणि तो घरभर फिरू लागला.

शनिवारी न सांगता मैदानावर गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मी काडतुसं भरून देतो तोच हिरवा डबा मार्नीनं उघडला. त्यातून काडतुसं काढून तिनं रिव्हॉल्व्हर भरलं. मी उठून डब्यात पाहिलं. उरलेली सगळी दुकानातली होती, बुडं कोरी.

तिनं डबा बंद केला. मला गाडीत घेऊन गेली आणि दार लावलं. पुढच्या खणातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. शिशाची गोळी होती, एका बाजूनं ठोकून चेपलेली.

"ही मेमधली," ती म्हणाली. "आवाज नुसता फुस्स आला. तुम्हीच शिकवलंय ना बाबा, आवाज वेगळा आला की हात थांबव. थांबवला. गोळी नळीतच अडकली होती. ट्रेंटनं लाकडाच्या दांड्यानं ठोकून काढली."

म्हणजे पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीनं गोळी अर्ध्या वाटेवर नेऊन सोडली होती. मागून दुसरी झाडली असती तर नळी फाटली असती.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई गेल्यावर तुमच्याकडं ते एक टेबलच तर उरलं होतं. ट्रेंट म्हणत होता, सांगून टाक. मीच त्याला गप्प बसवलं. बिचारा तुमच्यासमोर मान वर करत नाही तेव्हापासून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला भयंकर लाज वाटली, आणि रागही आला. राग तिचा नव्हता.

"मग माझी काडतुसं कुठं आहेत?"

"पलंगाखाली. झाडायची हिंमत नव्हती, आणि टाकवतही नव्हती."

रविवारी ती आणि ट्रेंट आठ डबे घेऊन आले. मी रेडिओ बंद केला. काडतूस प्लास्टिकच्या हातोडीत अडकवून लाकडावर आपटायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. मी आपटायचो, मार्नी दारू वजनकाट्यावर घालायची, ट्रेंट आकडा वाचायचा. पहिल्या पाच डब्यांत सगळे आकडे बरोबर आले. मला वाटायला लागलं, मेमधलं ते एखादंच असेल. मी तसं म्हणालोसुद्धा. मार्नीनं सहावा डबा पुढं सरकवला.

सहाव्या डब्यात ट्रेंट अडखळला. त्यानं आकडा दोनदा वाचला. दुप्पट होता. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीत दोन मापं गेली तरी ती काठोकाठ भरत नाही, बाहेरून काही कळत नाही. बॅटरी घेऊन डोकावलं तरच कळतं. मी डोकावलो होतो? आठवेना. रेघ मात्र ओढलेली होती, ठसठशीत, माझ्याच हातची.

मार्नीचा उजवा हात काट्याशेजारी टेबलावर होता. मी त्या हाताकडं बघत राहिलो. पाची बोटं धड होती.

"बरं केलंस, माझी झाडली नाहीस," मी म्हणालो. ट्रेंटचा कप मी कॉफीनं भरून दिला.

उरलेले दोन डबेही आम्ही फोडले. मग मी खणातून इंगाची लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि मार्नीपुढं ठेवली. आता दर रविवारी मी दारू घालतो आणि हात मागं घेऊन बसतो. ती बॅटरी घेऊन पन्नासच्या पन्नास बघते. मी चिडत नाही.