सांग त्यांना, ठिगळ्या

आमचं शिवणकामाचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. मधे लाकडी जिना, इतका अरुंद की कापडाचा तागा उभा धरूनच न्यावा लागतो. अर्ध्यावर एक वळण आहे. तिथे भिंत पोट काढल्यासारखी पुढे आलेली आहे आणि उजेड येत नाही. वळणावर दिवा आहे, पण त्याचा बल्ब कधीचा गेलेला. तो बदलायचा तर एकीने स्टूल धरायला हवं आणि दुसरीने चढायला. त्यासाठी एकमेकींशी बोलावं लागलं असतं.

दुकानात मी आणि माझी थोरली जाऊ. दोघींचेही नवरे गेले, मागे दुकान राहिलं आणि आम्ही राहिलो. जाऊबाई बेततात, मी शिवते. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा गिऱ्हाइकासमोर त्या म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताला सफाई नाही हो. पण दीर गेले, आता हिला टाकून कुठे देऊ?" गिऱ्हाईक हसलं. मी अर्धी शिवलेली बाही मशीनवर तशीच सोडली आणि वर निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. वेगळं व्हायची सोय नव्हती. दुकान एक, चूल एक, जिना एक.

ठिगळ्या तेव्हा पिल्लू होता. पांढरं अंग आणि एका डोळ्याभोवती काळा तुकडा, कोणी घाईत ठिगळ लावावं तसा. बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायचा. अबोला सुरू झाल्यावर आठवडाभरात जाऊबाईंचं काम अडलं. त्या टेबलाखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "ठिगळ्या, सांग तिला, कॉलरचं कापड कमी पडलंय."

मी मशीन थांबवलं. "ठिगळ्या, सांग त्यांना, कमी नाही पडलं. तिरकं कापलंय."

ठिगळ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला वाटलं खेळ आहे. शेपूट हलवत तो त्यांच्याकडून माझ्याकडे आला. मग तेच चालू राहिलं. मीठ संपलं, वीज गेली, डोकं दुखतंय, गिऱ्हाईक खोटं बोलतंय, सगळं त्याच्या तोंडून. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "या कुत्र्याला पगार सुरू करा. अख्ख्या गल्लीत एवढं काम कोणी करत नाही."

जाऊबाई त्यावर म्हणायच्या, "पगार कशाला? निरोप पोचवतो, पण उत्तर कधी धड आणत नाही." आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायच्या.

मग ठिगळ्या लंगडायला लागला. आधी वाटलं काटा असेल, मग वाटलं मुरगळलं असेल. पुढच्या उजव्या पायावर सूज आली तेव्हा दोघी त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. फोटो काढले, हाडाचा तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ.

"हाडाचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "दोन वाटा आहेत. पाय काढला तर पायाचं दुखणं थांबेल. पुढे औषधं देऊ. वर्षभर मिळेल, नशीब असेल तर जास्त. कुत्री तीन पायांवर चालायला शिकतात, माणसांपेक्षा लवकर. पाय नाही काढला तर वेदनेचं औषध देऊ आणि जितके महिने निघतील तितके काढू. पण ते हाड आता पोकळ झालंय, कधीही मोडेल. तुम्ही दोघी ठरवा आणि मला एकच उत्तर सांगा."

एकच उत्तर. मी ठिगळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जाऊबाई भिंतीवरचं मांजरीचं चित्र बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी टेबलावर कापड पसरलं, खडू उचलला आणि रेघ न मारता तसाच धरून ठेवला.

"ठिगळ्या, सांग तिला, म्हाताऱ्या जिवाचा पाय तोडून त्याला फरफटत ठेवणं ही माया नव्हे. आपली हौस आहे."

"ठिगळ्या, सांग त्यांना, मोडायला आलेल्या हाडावर त्याला उभं ठेवणं ही तरी कुठली माया?"

"ठिगळ्या, विचार तिला, तीन पायांवर तू हा जिना चढणार कसा?"

"ठिगळ्या, सांग त्यांना, मी उचलीन."

"ठिगळ्या, सांग तिला, तिला स्वतःचा गुडघा उचलत नाही."

तो नेहमीसारखा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. कान उभे होते. मग तो हलकेच उठला, दुखरा पाय अधांतरी धरून टेबलाखाली गेला आणि तोंड भिंतीकडे करून पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्याच पायाचं आणि मरणाचं बोलणं आम्ही त्यालाच इकडून तिकडे न्यायला लावत होतो. जाऊबाईंच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी खडू खाली ठेवला. त्यानंतर त्या विषयावर कोणीच बोललं नाही. जवळ दुसरं तोंड नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ठरेपर्यंत म्हणून वेदनेचं औषध दिलं होतं. गडद तपकिरी बाटली आणि सुई नसलेली पिचकारी. दिवसातून एकदा, पोटभर खाल्ल्यावर. मी सकाळी लवकर उठते. ठिगळ्याला खायला घालायचं, पिचकारी त्याच्या गालात सोडायची, मग दुकान उघडायला खाली यायचं, असा माझा क्रम. जाऊबाई वरचं आवरून मागून येतात. टेबलाशी बसताना त्या म्हणायच्या, "ठिगळ्या, आजचं औषध झालं बरं का." मला वाटायचं, रिकामी पिचकारी बघून मला टोमणा मारतायत, की दिलंस, माझं लक्ष आहे. मी काही बोलायची नाही.

आधी त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग तो खाईना. मग उलट्या सुरू झाल्या आणि शी डांबरासारखी काळी पडली. उठताना त्याचे चारही पाय थरथरत होते. मला वाटलं, रोग पोटात उतरला. म्हणजे आता काही ठरवायलाच नको. हे वाटताच छातीवरचं ओझं हललं आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

घड्याळवाल्याने त्याला आपल्या गाडीत घातलं आणि आम्हाला दवाखान्यात सोडलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. मग विचारलं, "औषध किती देताय?"

"एक पिचकारी," मी म्हणाले.

"एकच," जाऊबाई म्हणाल्या.

"रोज कोण देतं?"

"मी," आम्ही दोघी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे, अगदी ठिगळ्या पाहायचा तसंच. "म्हणजे दोघी देताय? तुम्ही... एकमेकींना विचारत नाही?"

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. रोग पोटात गेलेला नव्हता. दुप्पट औषधाने आतडी सोलली होती आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. सलाईन लावून ते भरून येईल, त्या म्हणाल्या. पण आता ते औषध बंद. दुसरं जे देता येईल ते सौम्य, या हाडाच्या दुखण्याला पुरणार नाही. आणि ऑपरेशन करायचं तर आधी त्याला अंगात ताकद धरू द्यायची, तोवर हाड टिकलं पाहिजे.

दोन वाटा होत्या, त्यातली एक आम्ही आपल्या हातांनी बुजवली होती आणि दुसरी अर्धी.

त्याला आत ठेवलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. समोर काचेचं दार, काच धुरकट. आत तो मधेच कुईं करायचा. आमच्या मधे त्याचा पट्टा पडलेला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि नकळत बाकाखाली पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. जाऊबाईही तिथेच बघत होत्या. मग दोघींनी तोंडं फिरवली. उठून जाता येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

सलाईन चढत होतं ते सगळे दिवस आम्ही त्या बाकावर काढले. दुकान बंद होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ठिगळ्याला आमच्या हवाली केलं. "पाय टेकू देऊ नका. जिना तर मुळीच नाही. आणि उद्या येताना उत्तर घेऊन या."

जाऊबाईंनी घरून पडद्याचं जाड कापड आणलं होतं, दुहेरी घातलेलं, दोन्ही टोकांना पकडायला पट्टे शिवलेले. टाके वेडेवाकडे होते. त्या बेततात, शिवत नाहीत. मी ते टाके पाहिले आणि काही म्हणाले नाही.

रात्री त्याला दुकानात एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून त्या झोळीत घालून आम्ही जिना चढायला लागलो. त्या वर, मी खाली. खालच्याला भार जास्त. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. वळणावर झोळी भिंतीच्या फुगवट्याला अडकली. त्या ओढत होत्या, मी ढकलत होते. ठिगळ्याचा पाय कापडाबाहेर आला, भिंतीला लागला आणि तो असा ओरडला की मी ढकलणं सोडलं.

"ओढू नका!" मी ओरडले. "जाऊबाई, ओढू नका!"

त्या थांबल्या.

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. मला. ठिगळ्याला नाही.

"मागे या. एक पायरी."

"सोडलं तर तुझ्या अंगावर येईल."

"सोडू नका, नुसतं सैल करा."

त्यांनी सैल केलं. भार माझ्या गुडघ्यावर आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. वर जाता येत नव्हतं, खालीही उतरता येत नव्हतं. त्याचं डोकं माझ्या दंडावर होतं, गरम, जड.

"मी एकटीच औषध देतेय असंच मला वाटत होतं गं," त्या म्हणाल्या. "तू ऑपरेशनच्या बाजूची. तू कशाला औषध देशील, असं वाटलं."

"विचारायचं होतं."

"कुणाकडे निरोप देऊन?"

मी हसले की रडले ते मला कळलं नाही. ठिगळ्याने माझा दंड चाटला.

"जाऊबाई, मला आता भीती वाटते. टेबलावरच गेला तर? पाय काढायचा हट्ट माझा होता."

"आणि नाही काढला तर हे," त्या म्हणाल्या. "आत्ता ओरडला ना, हे. रोज. देण्यासारखं औषध पण आपण ठेवलं नाही." त्यांनी पट्टा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "काढू या."

"हा जिना रोज असाच करावा लागेल."

"करू."

"बोलावं लागेल."

"ते आलंच," त्या म्हणाल्या. लोणच्याची फोड चावल्यासारखा आवाज.

आम्ही झोळी तिरकी केली, त्याचा पाय माझ्या छातीशी घेतला आणि वळण पार केलं. वर पोचल्यावर जाऊबाई जमिनीवरच बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "ठिगळ्या, सांग तिला..." आणि थांबल्या. तो झोपला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाणी दे गं जरा."

मी पाणी दिलं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एकदम वाहतं असं काही नसतं. वरच्या खोलीत तोच अबोला होता, फक्त त्याला आता एक भोक पडलं होतं.

सकाळी त्याला पुन्हा झोळीत घातलं. उतरताना पुढे, खालच्या बाजूला कोणी व्हायचं हा प्रश्न होता. मी पुढे झाले, तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं.

"तुझा गुडघा राहू दे. खाली मी."

"तुमचं वय..."

"वय मला विचारून आलं नाही. धर."

मी वरचा पट्टा धरला. त्या माझ्याकडे तोंड करून उलट्या उतरायला लागल्या. आपला पाय कुठे पडतोय ते त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. वळण जवळ आलं, अंधार झाला. तो परत येईल का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे माझ्याकडे होते.

"पायरी," मी म्हणाले.

त्यांनी पाय खाली टाकला. "हं. पुढे?"

"पायरी."