माझा सर्व्हर पडला तेव्हा

आमच्या अल्माटीच्या बँकेचा डेटाबेस दोन सर्व्हरवर चालतो: एक माझा, एक तोगझानचा. मी रोज लॉगमधल्या नोंदी वाचून बिघाड आधीच निस्तरते, म्हणून माझा पडत नाही. तिचा पडला की दोघांचं काम माझाच ओढतो. पण ही बया धावत येऊन आपला उठवते आणि आमचे साहेब एरबोलात आगा तिलाच गरम तळलेले बाउरसाक भरवतात!

परवा माझ्या लॉगमध्ये इशारा आला, डिस्क भरत आली आहे. म्हटलं, पडू दे की! मलाही धावता येतं. मुद्दाम चहा ओतून घेतला.

सर्व्हर पडला. पण मी उठेपर्यंत सगळं काम तोगझानच्या सर्व्हरवर गेलं आणि त्या मेल्याने ते पेललंसुद्धा.

“शाबास, तोगझान!” आगा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “रौशन, लॉग बघत जा गं जरा. हिच्याकडून शिकून घे.”