खडूची गोळी

“आल्या का खडूबाई? स्टूल द्या हो त्यांना. कंपनीच्या माणसाला उभं ठेवू नये.”

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. बोलणं नवऱ्याशी, रोख धाकट्या बहिणीवर. भावोजींनी स्टूल पायानं पुढे सरकवलं. धाकटी बसली. हे नाव तिला मिळून वर्ष होत आलं होतं, तरी दर खेपेला ते नव्यानं टोचायचं.

ताई पहिलीच्या वर्गाची बाई. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या बोटांतून खडू निसटला आणि मग निसटतच राहिला. हातापायांतली ताकद हळूहळू ओसरत जाणारा हा आजार. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं. औषध सांगितलं नाही, कारण ते नव्हतंच.

पण धाकटीच्या कंपनीत नेमकं त्याच आजारावर काम चाललं होतं. ती रसायनं जोडून नवे रेणू बनवायची. सकाळी दोन द्रव्यं एकत्र करायची, दिवसभर ढवळत ठेवायची, आणि शेवटी हाती नुसती चिकट राळ लागली, की काचेची कांडी घेऊन चंबूची भिंत आतून खरवडत बसायचं. खरवडलेल्या जागी कधी एखादा स्फटिक धरतो आणि बघता बघता सगळा चंबू पांढराशुभ्र होतो. कधी धरत नाही. या आजारावरच्या नव्या गोळीतला रेणू पहिल्यांदा स्फटिक होऊन धरला तो धाकटीच्याच चंबूत. त्या दिवशी तिनं प्रयोगशाळेतूनच ताईला फोन केला होता आणि दोघी रडल्या होत्या.

औषध माणसांना देऊन पाहायची वेळ आली, तेव्हा ताईनं आपणहून नाव दिलं. अशा चाचणीत काहींना खरी गोळी मिळते, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. नाहीतर गोळीचा गुण कुठला आणि मनाची समजूत कुठली, हे ओळखणार कसं? ताईनं हे सगळं शांतपणे ऐकून मान डोलावली होती. पण पुढे पायही उचलेनात, तेव्हा तिनं स्वतःच निकाल देऊन टाकला.

“मला खडू देताहेत. जन्मभर हातात धरला, आता पोटात घालतेय. आणि खरी गोळी बनवणारी कोण? माझी सख्खी बहीण!”

“ताई, मला खरंच कळत नाही गं, कुणाला काय दिलंय ते.”

“एक डबी खिशात टाकून आणता आली नसती तुला?”

“नसती.”

“नसती, की आणायची नव्हती?”

तेव्हापासून भावोजींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती यायची, स्टुलावर बसायची, टोमणे ऐकायची, जायची.

आज मात्र तिला काहीतरी सांगायचं होतं. आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून चाचणी बंद झाल्याचं सांगितलं होतं. “रेणू उत्तम होता. जिथे बसायला हवा तिथेच बसला. पण लक्ष्य चुकीचं निवडलं गेलं,” असं म्हणून त्यांनी फळ्यावरची रेणूची आकृती डस्टरनं पुसली. इतकी वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. “उरलेला माल कचऱ्याच्या पिंपात जाऊ दे. सोमवारपासून दुसरा आजार.”

“आणि या आजाराची माणसं?” धाकटीनं विचारलं होतं.

“ते डॉक्टर बघतील. तुम्ही कपाट रिकामं करा.”

हे ताईला कुठून सांगायला सुरुवात करावी, याची तिनं वाटभर जुळवाजुळव केली होती. पण तिनं तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, “दवाखान्यातून फोन आला होता. गुंडाळलं ना दुकान?”

“हो.”

“मला काय मिळत होतं, तेही सांगितलं त्यांनी.” ताई थांबली. “खडू नव्हता.”

धाकटीला क्षणभर हायसं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं.

“लगेच फुलू नकोस! खडू असता तर बरं झालं असतं. तुला शिव्या घालत बसले असते, पण औषध कुठंतरी होतं ना! कुठल्या तरी कपाटात, कुणाच्या तरी पोटात. आता कुठाय? सांग की!”

भावोजी उठून खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“समजावून सांग मला,” ताई म्हणाली. “तुमच्या भाषेत नको. पहिलीच्या वर्गाला सांगतात तसं.”

भिंतीवर ताईचा छोटा फळा होता, शिकवणीच्या मुलांसाठी कधीकाळी टांगलेला. धाकटीनं खडू घेतला आणि त्यावर एक घर काढलं, दार काढलं, दाराला कुलूप काढलं.

“हे तुझं शरीर. आजारी माणसांच्या शरीरात या दाराशी फार वर्दळ दिसायची. आम्हाला वाटलं, चोर इथूनच शिरतोय. म्हणून आम्ही अशी किल्ली बनवली, की ती कुलपात अडकून बसेल आणि मग दुसरी कुठलीच फिरणार नाही.”

“बसली?”

“अगदी घट्ट बसली. दार बंद झालं. पण चोर त्या दारानं येतच नव्हता, ताई. तिथून ये-जा करत होता तो शेजारी. चोरी झाल्यावर धावून आलेला.”

“म्हणजे तू शेजाऱ्याला कोंडलंस.”

“हो.”

“शाबास.”

धाकटीनं फळ्याकडे वळून पुसायला हात उचलला.

“ए! माझ्या वर्गात पुसायचं नाही!” ताई इतक्या जोरात ओरडली, की भावोजी दचकून वळले. “चुकलेलं पुसलं की पोरगं तीच चूक परत करतं. एक आडवी रेघ मारायची. खालचं दिसलं पाहिजे. आण इकडे.”

धाकटीनं फळा खिळ्यावरून उतरवला, ताईच्या मांडीवर ठेवला आणि खडू तिच्या बोटांत अडकवला. खडू पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. भावोजींनी ताईचा हात धरायला आपला हात पुढे केला.

“हात लावू नका मला.”

मग तिनं मुठीतच खडू धरला, लहान मूल पहिल्यांदा धरतं तसा, आणि सगळा खांदा ओढत नेला. रेघ दारावरून निघाली, कुलपावरून वाकडी होत खाली घसरली आणि चौकटीला लागून थांबली. ताईला धाप लागली होती.

“बरोबर काय ते खाली लिहायचं असतं,” ती म्हणाली.

“मला अजून माहीत नाही.”

“माहीत नाही तर बसलीस कशाला इथं? जा. आणि तो टांग जागेवर.”

धाकटीनं फळा खिळ्याला लावला. तिरका बसला होता, तो सरळ केला. रेघेखाली बरीच जागा उरली होती.