पाहुण्यांच्या डोक्यावरचे फेटे

मी सणसरच्या भैरवनाथ फुटबॉल संघाचा गोलकीपर, सौरभ. हे सांगताना छाती फुगवावी असं काही नाही. गेली सहा वर्षं यात्रेच्या सामन्यात पणदऱ्याची पोरं माझ्या डोक्यावरून गोल मारतात आणि ढाल टेम्पोत टाकून घेऊन जातात. त्यांची रीत एकच. एकानं बाजूनं उंच चेंडू टाकायचा आणि दुसऱ्यानं तो डोक्यानं आत ढकलायचा. पणदऱ्यात दूधदुभतं फार, पोरं विजेच्या खांबासारखी वाढलेली. आमच्यात सगळ्यात उंच मी, आणि मलाही माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागतं.

म्हणून यंदा गेणबातात्यांनी मानसिंगदादाला संघाचा अध्यक्ष केलं.

गेणबातात्यांनीच हा संघ उभा केला. पंचाहत्तरी आली तरी सराव घ्यायची शिट्टी त्यांच्याच गळ्यात असते. झोपतानाही काढत नाहीत असं त्यांच्या सुनेचं म्हणणं. मानसिंगदादा त्यांचाच चेला. याच मैदानावर अनवाणी खेळून तो पुण्याला गेला, तिथून कोलकात्याच्या क्लबात, आणि दहा वर्षं टीव्हीवर दिसला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर खेळ सोडला आणि रेश्मावहिनीला घेऊन गावी परत आला. त्याला संघ घडवायचा होता. येताना जाडजूड वही आणली होती, कोणत्या वारी कसला सराव घ्यायचा ते सगळं तिच्यात लिहिलेलं. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "तुजं हात चांगलं हायत, सौरभ. पाय तेवढं हालत न्हायत. दीड महिना दे मला." माझ्याबद्दल इतकं बरं तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

पण आमच्याकडे अध्यक्षानं काम करायचं नसतं. सोफ्यावर बसायचं असतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बूट घालून मैदानात गेलो, तर मधोमध सोफा, त्याच्यावर पांढरा टॉवेल आणि समोर माइक. समस्त ग्रामस्थांतर्फे दादाचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि सात भाषणं. अंधार पडला, आम्ही बूट काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तालमीतर्फे सत्कार. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतर्फे, म्हणून चौथ्या दिवशी खालच्या आळीतर्फे. मग भावक्या सुरू झाल्या. एका भावकीनं तर दोनदा केला, कारण पहिल्या वेळच्या फोटोत त्यांच्या थोरल्या चुलत्याचे डोळे मिटलेले आले होते. नाही म्हणायची सोय नाही. एकाचा फेटा घेतला आणि दुसऱ्याचा नाकारला तर लग्नकार्यात बोलणं बंद होतं.

दीड महिन्यात एकवीस शाली जमल्या. सराव झाला तीन दिवस, आणि त्यातल्या एका दिवशी चेंडू उसात गेला तो अजून सापडलेला नाही. रेश्मावहिनींनी नारळाच्या वड्या केल्या, चटण्या केल्या, शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात नारळ द्यायला लागल्या. माझा तर संताप संताप व्हायचा. कौतुक करून करून या लोकांनी माणूस निकामी केला होता.

सामना चार दिवसांवर आला तेव्हा दादानं सगळ्या शाली एका गाठोड्यात बांधल्या आणि तात्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या. गाठोडं उचलायला मी होतो.

"तात्या, शाली नगंत मला," दादा म्हणाला. "तुमच्या गळ्यातली शिट्टी द्या."

तात्यांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. म्हणाले, शिट्टी अशी मागून मिळत नसते, आणि गाव कौतुक करतंय तर तुझं काय दुखतंय. मग म्हणाले, "ढाल आणून दाव. त्या दिवशी शिट्टी तुजी, सत्कार बंद. हरलास तर सोफ्यावर बसायचं गुमान, जलमभर."

छत्तीस वर्षांचा माणूस. जन्मभर सोफा. दादाचं तोंड एवढंसं झालं, आणि मला खरंच वाईट वाटलं.

दादाच्या घरी आलो तर वहिनी त्याच्या मानेला तेल चोळायला बसल्या. रोज फेटा बांधून मान आखडली होती. त्या कुरकुरत होत्या की बांधणारा समोरून हलेपर्यंत फेटा काढायचा नाही, ही कसली रीत. मान हलवता येत नाही, खाली बघता येत नाही, माणसानं जेवायचं कसं. अचानक दादानं वहिनींचा हात धरला आणि हसायलाच लागला. मग मला म्हणाला, बारामतीला जा आणि सतरा फेटे घेऊन ये.

यात्रेच्या दिवशी दुपारी पणदऱ्याचा टेम्पो आला. त्यांचा कप्तान ऋषिराज उतरताना वाकूनच उतरला. मागच्या गाडीतून त्यांचे अध्यक्ष उतरले. वयस्कर माणूस, त्यांना सगळे आबा म्हणतात. दादानं माइक घेतला आणि जाहीर केलं की पाहुणे यजमानाला देवासारखे, तेव्हा आधी सत्कार आणि मग सामना. पंधरा खेळाडू, आबा आणि इंदापूरहून आलेले पंच, सतरा जणांना त्यानं स्वतःच्या हातानं फेटे बांधले. एकवीस वेळा बांधून घेतल्यामुळे त्याला ते चांगलंच जमत होतं. पोरं खूश. फोटो काढत होती.

खेळ सुरू व्हायच्या आधी ऋषिराजनं फेट्याला हात घातला तसे आबा सोफ्यावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. यजमानानं बांधलाय, यजमान बसलाय समोर."

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. फेट्याविषयी त्यात काही नव्हतं, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरही होताच.

पहिलाच उंच चेंडू आला. ऋषिराज उडाला, हवेत त्याला फेटा आठवला आणि त्यानं मान खाली घातली. चेंडू उसात. दुसऱ्या एकानं हिंमत करून डोकं लावलं, तर चेंडू तुऱ्याला लागून भलतीकडेच गेला आणि फेटा कानावर आला. आबांनी असं बघितलं की ते पोरगं पुढची दहा मिनिटं दोन्ही हातांनी फेटा धरून खेळलं. ते तसं उभं असतानाच आमचा शिवम त्याच्या बगलेतून निघाला आणि त्यानं गोल मारला. पणदऱ्यावर गोल. बघ्यांनी टोप्या उडवल्या, मी माझ्या खांबाला मिठी मारली.

पण आबांचे केस काय उन्हात पिकलेले नव्हते. मध्यंतरात त्यांनी माइक मागून घेतला. असा मान आम्हाला जिल्ह्यात कुठे मिळाला नाही, म्हणाले, आणि तो तसाच घेऊन गेलो तर पणदऱ्याचं नाक कापलं जाईल. त्यांनी पोरं पाठवून यात्रेतल्या दुकानांतले फेटे उचलून आणले आणि आमच्या एकेकाला बसवून बांधले. मध्यंतर सव्वा तास चाललं. माझ्या वेळेस ते म्हणाले, गोलकीपरचा मान मोठा. त्यांनी दोन फेटे एकात एक गुंफून माझ्या डोक्यावर असं गाठोडं बांधलं की मला फक्त समोरचं दिसत होतं.

दादा सोफ्यावर कपाळाला हात लावून बसला.

उत्तरार्धात चेंडू जमिनीवरून वर आला नाही. बावीस फेटे मैदानभर हळूहळू फिरत होते, वरात चुकल्यासारखे. शेवटच्या मिनिटाला बाजूनं आलेला ऋषिराज मला दिसलाच नाही. मी अंदाजानं झेप घेतली आणि चेंडूऐवजी त्याचे दोन्ही पाय धरले. पेनल्टी.

हिशेब सोपा होता. बरोबरी झाली तर ढाल जुन्या विजेत्याकडे, म्हणजे पणदऱ्यातच राहते. म्हणजे हा गोल गेला की दादाचा सोफा पक्का.

ऋषिराजनं चेंडू ठेवला. पडल्यामुळे त्याचा फेटा सुटला होता आणि त्याचा लोंबता शेव डोळ्यांवर येत होता. तो वर सारायचा, शेव पुन्हा खाली यायचा. काढायची सोय नाही, आबा बघत होते. लोक हसत होते, मीही हसत होतो. आंधळी कोशिंबीर होणार, ढाल आपली.

तेवढ्यात दादा सोफ्यावरून उठला. लंगडत मैदानात आला. मला वाटलं फेटा घट्ट करणार. त्यानं ऋषिराजच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उतरवला, घडी केली आणि काखेत मारला. "मीच बांधला, मीच काढला," म्हणाला. "आता नीट बघून मार."

मी तिथूनच त्याला विचारलं की डोकं फिरलंय का. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "बारा यार्डांवरनं त्याला दिसत नसताना जिंकलो, तर मी सोफ्यावरच बरा, सौरभ. मग शिट्टी कशाला मागू? पाय हालव फकस्त."

मी आबांकडे पाहिलं. ते काही माझा फेटा काढायला उठले नाहीत.

ऋषिराजनं फटका मारला, उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात. मी पाय हलवले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर हलवले आणि उडी मारली. हात वर यायच्या आत चेंडू डोक्यावरून निघाला. पण आबांनी बांधलेलं ते गाठोडं माझ्यापेक्षा वीतभर वर होतं. चेंडू त्याच्यावर आदळला, तिथून आडव्या खांबावर आणि पलीकडे यात्रेतल्या भेळेच्या गाड्यावर. फेटा मात्र जाळ्यात गेला.

पणदऱ्याची पोरं पंचांभोवती जमली. आत काहीतरी गेलंय, गोल द्या. पंच पुस्तक चाळायला लागले. डोक्याला असलं काही बांधून चेंडू अडवणं नियमात बसतं का, यावरही वाद सुरू झाला. तेव्हा आबा सोफ्यावरून उठले. जाळ्यातल्या फेट्याकडे त्यांनी बोट केलं.

"फेटा म्याच बांधला व्हता," म्हणाले, आणि खाली बसले. पंचांनी पुस्तक मिटलं आणि सामना संपवला, ढाल आमची.

लगेच कुणीतरी माइक पुढे ओढला, सोफ्यावरचा टॉवेल झटकला, शाल आणली. तात्या काठी टेकत पुढे आले. शाल देणाऱ्याचा हात त्यांनी बाजूला सारला, गळ्यातली शिट्टी काढली आणि दादाच्या गळ्यात घातली. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि जाऊन सोफ्यावर बसले. मलाही भरून आलं. मी नाही म्हणणार नाही.

दादानं शिट्टी हातात घेऊन पाहिली. मग जोरात फुंकली. आम्हाला वाटलं आता मिरवणूक.

"फेटं काढा," तो म्हणाला. "मैदानाला धा चकरा. सौरभनं पंधरा, पेनल्टी त्याच्यामुळं झाली."

आम्ही पळायला लागलो. शिट्टीच्या सवयीनं पणदऱ्याची दोन पोरंही चार पावलं पळाली आणि आबांकडे बघून थांबली. गुलालात, बँडच्या आवाजात मी पंधरा चकरा मारल्या, आणि प्रत्येक चकरेला दादा माझ्यावर ओरडत होता, पाय हालव. शिव्या खाऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.