हुकमाची वाट

सगुणाचे पाय पुन्हा सुजले होते. बोटाने दाबले की खळगा तसाच राहायचा. सातवा महिना चालू होता, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्याच आठवड्यात बजावलं होतं, "दाखल हो, नाहीतर दोन जीव जातील."

पण घरात सासऱ्यांचा शब्द चाले. भागोजी पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. मुलगा आनंदा, सगुणाचा नवरा, त्याच पलटणीत, सध्या लेहला.

"फौजीच्या बायकोचा दवाखाना बेळगावला," ते म्हणायचे. "लष्कराचा, आपल्या हक्काचा. दुसरीकडे जायचं तर वरून परवानगी हवी. पत्र धाडलंय मी पलटणीत."

बेळगाव घाटापलीकडे, दिवसभराची एसटी. अशा पोटाने ते हिसके सोसायचे नाहीत, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं. हक्काचा दवाखाना लांब, जवळचा परका. सगुणा पडवीत भिंतीला टेकून पोस्टमनच्या सायकलीची घंटी ऐकायला कान लावून बसायची.

शेजारची चिमा मासळीची पाटी घेऊन निघाली होती. ती डोकावली.

"काय गो, अजून हितंच? हवालदारांनू, पोराला जन्माला यायला पण पास लागतो काय?"

"गप गो!" भागोजी गुरगुरले. "फौजेत हुकमाबिगर पाऊल उचलत नाय."

चिमा तोंड वाकडं करून मासळीचा टेम्पो गाठायला रस्त्याला लागली.

सगुणा खांब धरून उठली, तर अंगण गरगर फिरलं. ती खाली बसली आणि कधी नव्हे ते तिने सासऱ्यांकडे मान वर करून बघितलं.

"मामंजी, लढाईत तुमच्या मांडीत गोळी घुसली तेव्हा तुम्हांला बेळगावला नेलं?"

"बेळगावला? येडी काय तू! आधी जवळच्या तंबूत. रगत थांबवलं, मग पुढे."

"परवानगी कोणाची काढली?"

भागोजींचा हात मांडीवरच्या व्रणावर गेला. मग ते अनवाणीच रस्त्याकडे धावले.

"चिमा! मासळीचा टेम्पो थांबव गो!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि सगुणाला थेट खाटेवर घेतलं.

"हवालदार, अशा वेळी जवळच्या सरकारी दवाखान्यात आणलं तर लष्कर अडवत नाही. मी कळवते त्यांना. पण बाळ होईपर्यंत हिने इथून हलायचं नाही."

खिडकीला गज होते. दाराशी भागोजी ताठ उभे.

"टेका जरा, मामंजी."

"पहारा बदलायला माणूस नाय."

सगुणाने पोटावर हात ठेवला. बराच वेळ बाळाची हालचाल कळेना. मग आतून एक बारीक लाथ बसली.